क्षणात जवळ, क्षणात दूर : एका मनोविकाराची ओळख

(पनवेल येथील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळविताना वाचनालयाच्या चिटणिसांनी मला एक सूचना केली होती. विषयाचे नाव सोपे ठेवावे, नाही तर श्रोते यावयाचे नाहीत. सूचना रास्त होती. पण नाव काही सोपे होईना. या विकाराला इंग्रजीत 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणतात आणि मराठीत त्याचा अनुवाद 'सीमारेषीय व्यक्तिमत्त्व विकार' असा केला जातो. दोन्ही नावे सारखीच अवघड आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, सारखीच फसवी आहेत. 1938 साली अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने काही रुग्णांचे वर्णन करताना हा सीमारेषेचा शब्द वापरला. हे रुग्ण साध्या मनोविकृतीत बसत नव्हते आणि वास्तवाचे भान हरपलेल्या गंभीर विकारातही बसत नव्हते. म्हणून ते दोहोंच्या सीमेवर आहेत, अशी त्या काळची कल्पना होती. ती कल्पना पुढे मागे पडली, नाव मात्र राहिले. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात यालाच 'भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व' असे म्हटले होते, आणि ते नाव मला अधिक प्रामाणिक वाटते. तेव्हा हा माणूस 'बॉर्डरवर' आहे, म्हणजे वेडाच्या उंबरठ्यावर उभा आहे, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये.

मी वैद्य नाही. मी कलाशाखेचा पदवीधर असून माहिती खात्याची नोकरी करतो. तज्ज्ञांनी सिद्ध केलेले ज्ञान घरोघरी समजेल अशा शब्दांत पोहोचविणे, एवढाच माझा अधिकार. निदान आणि उपचार हे डॉक्टरांचे काम आहे. त्यात मी हात घालणार नाही.

पनवेलला औषधांचे अप्रूप नाही. 1872 साली येथे धूतपापेश्वरचा औषधी कारखाना सुरू झाला आणि या गावाचे नाव देशभर दवाखान्यांतील बाटल्यांवर पोहोचले. येथून जवळच नेरे येथे शांतिवन आहे. ज्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणे हाच धर्म समजला जात होता, त्या काळापासून आपण किती पुढे आलो हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी तेथे एकदा जाऊन यावे. शरीराच्या रोगाबद्दलचा संकोच या तालुक्याने बराचसा सोडला आहे. मनाच्या रोगाबद्दलचा संकोच मात्र नव्या पनवेलच्या बारा मजली इमारतींतही तितकाच जुना आहे.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढे आणू या. हे घर कोणा एकाचे नाही. अशी अनेक घरे मिळून ते तयार झाले आहे. आई, मोठा मुलगा आणि बावीस वर्षांची मुलगी. मुलगी हुशार आहे, बोलकी आहे, चित्रे सुरेख काढते. दादावर तिचा फार जीव. एके दिवशी दादाने सांगितले, "आठ वाजता घरी येतो, आपण बाहेर जेवायला जाऊ." हार्बर मार्गावर गाडी रखडली, भ्रमणध्वनीची बॅटरी संपली, दादा दहाला घरी पोहोचला. या दोन तासांत त्या मुलीच्या मनात काय झाले? आधी काळजी, मग राग, मग 'याला मी नकोच आहे' अशी खात्री, आणि शेवटी अंगावर चालून येणारी पोकळी. दादा दारात आला तेव्हा तिने ताट भिरकावले, "तू माझा कोणी नाहीस" असे ओरडली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली. अर्ध्या तासाने तीच दादाचे पाय धरून रडत होती, "मला सोडून जाऊ नकोस." तिच्या मनगटावर ताजी जखम होती.

आईने काय म्हणावे? "गाडी उशिरा आली, एवढ्यावरून इतके?" शेजारच्या मावशी म्हणाल्या, "नाटकं आहेत, दोन थोबाडीत द्या." मामांनी सुचविले, "लग्न लावून टाका, आपोआप ताळ्यावर येईल." कोणी बाहेरचे काही आहे काय ते पाहण्यासाठी कर्जतकडे एकाचा पत्ता दिला. चौघांचेही हेतू वाईट नव्हते. पण आईने धरून चौघांनीही एकच गोष्ट नाकारली. ती म्हणजे त्या मुलीला होत असलेली वेदना खरी आहे ही.

हे समजून घेण्यासाठी मी आपल्या गाढी नदीचा दाखला देतो. माथेरानच्या डोंगरावर पाऊस कोसळतो तेव्हा पनवेलात कधी कधी ऊनही असते. गावात उभ्या असलेल्या माणसाला कारण दिसत नाही; त्याला दिसते ते एवढेच की पाणी बघता बघता चढले. आणि खाली खाडीला त्याच वेळी भरती असेल तर ते लवकर उतरतही नाही. या विकारातील भावनांचे नेमके असेच आहे. त्या लहानशा कारणाने उसळतात, इतरांपेक्षा फार उंच चढतात, आणि ओसरावयास फार वेळ घेतात. कारण क्षुल्लक होते असे जे आपल्याला वाटते, ते आपण गावात उभे असतो म्हणून. डोंगरावर काय कोसळले ते आपण पाहिलेलेच नसते.

वैद्यकीय वर्गीकरणात या विकाराची नऊ लक्षणे दिलेली आहेत आणि त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ आढळली तरच निदान केले जाते. ती सगळी येथे मोजत बसत नाही. त्यांचा गाभा असा : कोणी आपल्याला टाकून देईल ही सततची धास्ती, आज ज्याला देव मानले त्याला उद्या राक्षस ठरविणारी नाती, 'मी नेमकी कोण' याविषयीचा गोंधळ, आतून पोकळ वाटणे, अनावर राग, पैसा, दारू, वाहन, शरीरसंबंध यांबाबत अविचाराने टाकलेली पावले, आणि स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचा प्रयत्न. तीव्र ताणाखाली काही काळ संशय किंवा आपण आपल्यातच नाही असा भासही होतो. यांतले एखाददुसरे लक्षण आपल्यापैकी प्रत्येकात सापडेल, विशेषतः सतराव्या-अठराव्या वर्षी. तेवढ्यावरून घरातल्या तरुण मुलामुलींना हे नाव चिकटवू नये. हा विकार फक्त स्त्रियांना होतो ही समजूतही खरी नाही. दवाखान्यांत स्त्रिया अधिक दिसतात. पण परदेशांत समाजातून सरसकट पाहणी केली गेली तेव्हा स्त्रीपुरुषांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. पुरुषाचा हाच त्रास अनेकदा 'तापट' किंवा 'दारुड्या' या नावाखाली झाकला जातो.

कारणांविषयी थोडक्यात. काही माणसे जन्मतःच अधिक हळवी असतात. आनुवंशिकतेचा वाटा यात बराच असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसून आले आहे. अनेक रुग्णांच्या बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा उपेक्षा घडलेली असते, सर्वांच्या नाही. म्हणून असा मुलगा वा मुलगी असलेल्या प्रत्येक आईबापाकडे संशयाने पाहणे हा अन्याय आहे. कधी कधी घर प्रेमळच असते. पण हळव्या मुलाच्या रडण्याला तेथे दरवेळी 'यात रडण्यासारखे काय आहे' हेच उत्तर मिळते. मूल शिकते ते असे की साधे रडून कोणी ऐकत नाही, किंकाळी फोडली तरच ऐकतात.

आता मनगटावरील त्या जखमेकडे येतो, कारण प्राण पणाला लागतात ते येथे. अशा जखमांना 'लक्ष वेधून घेण्याचा प्रकार' म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पुष्कळ रुग्ण सांगतात की मनातली असह्य कळ क्षणभर थांबावी म्हणून आपण हे करतो. आणि बहुतेक जण ते लपवून ठेवतात. शिवाय पूर्वीच्या पाश्चात्त्य अभ्यासांत या विकाराच्या शंभर रुग्णांपैकी आठ ते दहा जणांचा अंत आत्महत्येने झाल्याचे आढळले होते. नंतरच्या, उपचार मिळालेल्या रुग्णांच्या अभ्यासांत हे प्रमाण कमी दिसले. तरीही ते सामान्य माणसाच्या मानाने फार मोठे आहे. 'मी मरते' हे वाक्य दहाव्यांदा ऐकले तरी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखेच ऐकावे लागते. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो आहे का?" असा सरळ प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट, बोलावयास वाट मिळते. घरातील औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत, एकटे सोडू नये आणि डॉक्टर गाठावा.

येथे अनेक कुटुंबे पोलिसांच्या भीतीने थबकतात. दवाखान्यात नेले तर गुन्हा दाखल होईल, मुलीचे नाव होईल, या विचाराने जखम घरीच बांधली जाते. या भीतीचे कारण म्हणजे भारतीय दंड संहितेचे 309 वे कलम. त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने, जो 29 मे 2018 पासून अमलात आला, आपल्या 115 व्या कलमात असे ठरविले की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची काळजी व उपचार यांची जबाबदारी शासनाची राहील. पुढे 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीत हे जुने कलम ठेवलेलेच नाही. शासकीय कर्मचाऱ्याला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न करणे एवढाच भाग निराळा ठेवला आहे. आपल्या आजच्या विषयाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा न्हाणीघरातील त्या मुलीला रुग्णालयात नेताना तिच्या आईने हात कापू देऊ नये. याच अधिनियमाने रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखण्याचा हक्क दिला आहे, स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याची मुभा दिली आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असेही सांगितले आहे. ज्यांना कर्जतकडचा तो पत्ता मिळाला असेल त्यांच्यासाठी एवढेच : भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

हा विकार बरा होतो का? एके काळी डॉक्टरही मान हलवीत. अशा रुग्णाला हाताळणे जिकिरीचे, म्हणून काही दवाखान्यांत त्यांना टाळलेही जाई; अजूनही जाते. पण अमेरिकेतील मॅकलीन रुग्णालयात डॉ. मेरी झनारिनी यांनी 290 रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. शेकडा 93 रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे टिकेल अशा रीतीने ओसरली होती. हा आकडा ऐकून आनंद होतो. पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडाही मी झाकून ठेवणार नाही. लक्षणे ओसरण्याबरोबर नोकरी वा शिक्षण नीट चालले आहे आणि जिव्हाळ्याची नाती टिकली आहेत, अशी अवस्था निम्म्याच रुग्णांना गाठता आली. म्हणजे वादळ बहुतेकांचे शमते. वादळानंतरचे घर उभारणे अधिक कठीण असते. आपल्या मदतीची गरज तेथे सर्वात जास्त, आणि नेमकी तेव्हाच 'आता बरी आहे ना' म्हणून ती थांबते.

उपचारांत औषधांचे स्थान दुय्यम आहे. नैराश्य, निद्रानाश यांवर डॉक्टर औषध देतील आणि ते घ्यावे. परंतु या विकारावरचे असे खास औषध नाही. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने 2009 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तेच म्हटले आहे. मुख्य उपचार म्हणजे संवादाचा, अर्थात मानसोपचाराचा. त्यात सर्वाधिक गाजलेली पद्धती सिएटलच्या मार्शा लिनेहन यांची असून 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' या नावाने ती ओळखली जाते. तिची पहिली मोठी चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. वर्षभराच्या उपचारानंतर रुग्णांचे स्वतःला इजा करणे कमी झाले आणि रुग्णालयात राहण्याचे दिवसही घटले. आठवड्यातून एकदा व्यक्तिगत भेट, एकदा गटात बसून वर्ग, आणि अडचणीच्या घटकेला फोन. वर्गात शिकवतात त्या गोष्टी तशा साध्या : वर्तमान क्षणाकडे लक्ष देणे, कळ सोसून वेळ काढणे, भावनेला नाव देऊन तिचा वेग उतरविणे, आणि नाते न तोडता 'नाही' म्हणणे. यांतील पहिली गोष्ट लिनेहनबाईंनी झेन साधनेतून घेतली. आणि 'झेन' हा शब्द मूळ आपल्या 'ध्यान' शब्दाचाच चीन-जपान फिरून आलेला अवतार आहे. अर्थात यावरून कोणी घरच्या रुग्णाला थेट दहा दिवसांच्या मौन शिबिरात पाठवू नये. डॉक्टरांना विचारल्याखेरीज तर नाहीच.

या बाईंविषयी आणखी एक गोष्ट. 2011 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतील हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात जाहीर भाषणात सांगितले की सतराव्या वर्षी आपण याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होतो आणि सव्वीस महिने येथे काढले. ज्या मुलीसाठी त्या वेळी कोणाजवळ उपाय नव्हता, तिने पुढे तो शोधून काढला.

आपल्याकडे या पद्धतीत तयार झालेली माणसे थोडी आहेत, ती मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांचे शुल्क सर्वांना झेपणारे नाही. मग पनवेल, कर्जत, पेणच्या माणसाने काय करावे? कॅनडातील टोरांटो येथे 180 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला, तो येथे उपयोगी पडेल. त्यात निम्म्या रुग्णांना लिनेहन पद्धतीने आणि निम्म्यांना सर्वसाधारण पण नियमित, या विकाराची जाण असलेल्या मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वर्षभर उपचार दिले. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून नामांकित पद्धती मिळाली नाही तरी हताश होण्याचे कारण नाही. एकच डॉक्टर, ठरलेला वार, न चुकता भेट. दर महिन्याला नवा डॉक्टर शोधणे हे यात सर्वात घातक.

आता कुटुंबीयांनी काय करावयाचे ते. आपण त्या घरात परत जाऊ. दादा दहाला येतो. त्याने "गाडी माझ्या हातात आहे का?" असे विचारले तर तो खरेच बोलेल, पण त्या खऱ्याचा त्या घटकेला उपयोग नाही. त्याऐवजी, "आठला येतो म्हणालो आणि दहा वाजले. दोन तास तुला फार एकटं वाटलं असेल," एवढे म्हणून तो शेजारी बसला, तर पाणी उतरावयास सुरुवात होते. भावना मान्य करणे म्हणजे वागणे मान्य करणे नव्हे, हा भेद फार महत्त्वाचा आहे. "तुला राग आला, हे मला कळतं, पण ताट फेकलेलं मला चालणार नाही," ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता येतात. मर्यादा भांडणात घालू नयेत, शांत वेळी ठरवाव्यात, थोड्या ठरवाव्यात आणि पाळाव्यात. जे पुरे करता येणार नाही ते वचन देऊ नये. 'मी तुला कधीही एकटी सोडणार नाही' असे म्हणण्यापेक्षा 'उद्या सकाळी सातला चहा आपण बरोबर घेऊ' हे बरे.

आणखी एक सावधगिरी. या घरांत आई आज देवता आणि दादा आज वैरी, उद्या उलट, असे होते. आई आणि दादा त्यावरून एकमेकांशी भांडू लागले की घर दुभंगते. दोघांनी मिळून एकच भूमिका घ्यावी. सांभाळणाऱ्यानेही झोपावे, मित्रांना भेटावे, पाळी लावून जबाबदारी घ्यावी. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने महाराष्ट्राला हे दाखवून दिले की व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही आधार द्यावा लागतो. तो धडा या विकारालाही जसाच्या तसा लागू आहे.

ज्यांना भाषणे कंटाळवाणी वाटतात, त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट पाहावा. 2016 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. विषय नैराश्याचा आहे, या विकाराचा नाही. पण जीव देऊ पाहणाऱ्या एका तरुणाला कोकणच्या किनाऱ्यावरील एका घरात प्रश्नांचा मारा न करता जागा कशी दिली जाते, हे त्यात दिसते. त्याच्या निर्मात्यांपैकी एक आणि त्यातील एक नट डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटी पत्ते. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली; तिचा क्रमांक 14416 असून तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर 108 वर रुग्णवाहिका मागवावी. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात करता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचे आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागही असतो. गेले की कोंडून ठेवतात, ही समजूत काढून टाकावी. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आय.पी.एच., समुपदेशनाचे काम करते.

आता प्रश्नांसाठी वेळ आहे. ज्यांना उभे राहून विचारावयाचे नसेल त्यांच्यासाठी ग्रंथपालांच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. त्यांवर नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.